पाइपवर १० किलो लिहिलंय, पण ते पाण्याचे

मागच्या महिन्यात घरच्या वर्कशॉपला किती एचपीचा कॉम्प्रेसर पुरतो यावर लिहिलं होतं आणि जाता जाता म्हणालो होतो की कॉम्प्रेसरपेक्षा त्याच्या पुढची लाइन, म्हणजे दाबलेली हवा नेणारा पाइप, जास्त लक्ष मागते. त्या एका वाक्यावर एवढे मेसेज आलेत की या वेळी सगळं सदर हवेलाच देऊन टाकलंय. खाली जिथे किलो येईल ते वजनाचे नाहीत, दर चौरस सेंटीमीटरवरच्या प्रेशरचे. प्रश्न थोडे कापलेत, रागवू नका.

प्रश्न : काका नमस्कार. मी चिपळूणचा. दोन वर्षांपूर्वी लोटे एमआयडीसीतून रिटायर झालो, आता घरामागे पत्र्याची शेड घालून सुतारकामाची हौस भागवतोय. २ एचपीचा कॉम्प्रेसर आहे, १०० लिटरची टाकी, ८ किलोला कट होतो, म्हणजे मोटर आपोआप थांबते. आमच्या नेहमीच्या प्लंबरने भिंतीवरून एक इंची पीव्हीसीची ४० फूट लाइन टाकून दिली, तीन जागी टी काढून कॉक बसवलेत. दीड वर्ष झालं, कसलाच त्रास नाही. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो सुट्टीत आला आणि म्हणाला बाबा ही लाइन आधी काढा. प्लंबर म्हणतो पाइपवर १० किलो छापलंय, आपण ८ वापरतो, २ किलो शिल्लकच आहे की. कोणाचं ऐकू?

उत्तर : मुलाचं ऐका. आणि पुढचं वाचायच्या आधी उठून टाकीचा कॉक बंद करा, लाइनमधली हवा सोडून द्या आणि मग निवांत वाचा.

प्लंबर खोटं बोलत नाहीये. त्याचं आयुष्य पाण्यात गेलंय आणि पाण्यासाठी त्याचं गणित बरोबरच आहे. शेतीच्या लाइनला आपण चार किलो, सहा किलो, दहा किलो असा पाइप मागतो ना, तो आकडा पाण्याचा, आणि तोही २७ अंश तापमानाला काढलेला. तुमच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याला लागून किती तापतं ते तुम्हीच हात लावून बघा. पाइप ४५ अंशांच्या आसपास गेला की पीव्हीसीची ताकद जवळपास निम्म्यावर येते, म्हणजे तुमचा १० किलोचा पाइप ५ किलोचा झाला आणि आत ८ किलो उभे आहेत. वर कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा गरम, तिच्यासोबत तेलाचा अंश येतो, आणि काही कॉम्प्रेसर तेलं, खास करून सिंथेटिक, प्लास्टिकला आतून खातात. सोल्युशन लावून चिकटवलेले सांधे तर विचारूच नका, एखाद्या एल्बोला घाईत सोल्युशन कमी लागलं असेल तर ते वरून कळत नाही.

पण हे सगळं दुय्यम. मुख्य गोष्ट अशी की पाणी दाबलं जात नाही आणि हवा दाबली जाते. पाण्याच्या पाइपला तडा गेला की चमचाभर पाणी बाहेर येतं, तेवढ्यात आतलं प्रेशर शून्य, तडा जागच्या जागी थांबतो, भिंत ओली होते, तुम्ही प्लंबरला शिव्या देता, विषय संपला. हवेच्या पाइपला तडा गेला की आतली हवा फुगत फुगत तडा पुढे ढकलत राहते, प्रेशर लगेच उतरतच नाही, त्यामुळे पाइप नुसता चिरत नाही तर त्याचे सुरीसारखे तुकडे होऊन उडतात. हवा म्हणजे दाबून ठेवलेली स्प्रिंग, पाणी म्हणजे स्प्रिंग नाहीच. तुमच्या १०० लिटर टाकीत ८ किलोला किती ताकद साठलीये माहितीये का, साधारण एक लाख ज्यूल. एक टन वजन दहा मीटर उंच, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर उचलून ठेवायला जेवढी लागते तेवढी. लाइनमध्ये स्वतःमध्ये फार हवा नसते, तुमच्या ४० फुटांत सहा-सात लिटर, पण कॉक उघडा असेल तर मागे अख्खी टाकी ढकलायला उभी असते.

आता दीड वर्ष काही झालं नाही याबद्दल. नव्वदच्या दशकात मी भोसरीला एका छोट्या शॉपमध्ये मेंटेनन्सला होतो. मालकाने खर्च वाचवायला अशीच पीव्हीसीची लाइन टाकलेली, चार वर्षं चालली, चार वर्षं आम्ही सगळे तिच्याखाली उभं राहून डबा खाल्ला. डिसेंबरच्या एका थंड सकाळी ट्यूबलाइट बदलायला एका पोराने शिडी आणली आणि टेकवताना ती पाइपला जराशी लागली, खरंच जराशी. आवाज असा आला की गेटवरचा वॉचमन पळत आला. पोरगं शिडीच्या मागच्या बाजूला होतं म्हणून वाचलं, पाइपचा बोटभर तुकडा समोरच्या प्लायच्या नोटीस बोर्डात रुतून बसला होता. तो तुकडा मी बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवला होता, नवीन पोरं आली की दाखवायचो. तर पीव्हीसी जुनं झालं की, ऊन लागलं की, थंडी पडली की ठिसूळ होतं आणि ठिसूळ झालंय हे दिसत नाही, ते फुटेपर्यंत नव्यासारखंच दिसतं.

आणि हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. टेक्सासमधल्या एका कारखान्यात अशीच पीव्हीसीची हवेची लाइन फुटून कामगार जखमी झाला, त्यानंतर अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने, ज्याला ओशा म्हणतात, मे १९८८ मध्ये खास बुलेटिन काढून बजावलं की जमिनीत न पुरलेल्या, उघड्या पीव्हीसी पाइपमधून कम्प्रेस्ड हवा नेऊ नका. सीपीव्हीसी चालेल का असं कोणीतरी नक्की विचारणार, तो गरम पाण्याचा फिकट पिवळा पाइप, तर तोही नको. तापमान जास्त सोसतो, पण फुटण्याची जात तीच.

मग टाकायचं काय. आधी एक उलटा प्रश्न, एकट्या माणसाला पक्की लाइन लागते का? शेड ४० फुटांची असेल तर आत दोन पदरी विणलेला, २० किलोचं रेटिंग छापलेला चांगला रबरी होज घ्या, भिंतीवर रीलला गुंडाळा, जिथे काम तिथे ओढा. निम्म्याहून जास्त घरच्या वर्कशॉपना एवढं पुरतं, आणि सगळ्यात स्वस्त पण हेच. पक्कीच लाइन हवी असेल तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, बी क्लास, ज्यावर निळा पट्टा असतो तो. पिवळा पट्टा म्हणजे ए क्लास, हलका, आटे पाडल्यावर भिंत फार पातळ राहते म्हणून तो टाळा. लाल म्हणजे सी क्लास, तो घेतला तरी बिघडत नाही, फक्त खिसा दुखेल. अर्धा किंवा पाऊण इंच पुरे, एक इंच कशाला टाकला कोणास ठाऊक. जीआयला आतून गंज येतो, झिंकचे कण सुटतात, म्हणून हवेच्या गनच्या आधी फिल्टर लागतोच. अ‍ॅल्युमिनियमच्या तयार लाइन मिळतात, फार सुंदर, फार महाग. पीपीआर हा दुसऱ्या जातीचा प्लास्टिक पाइप काही जण टाकतात, त्यावर कंपनीने कम्प्रेस्ड हवेसाठी म्हणून लेखी दिलं असेल आणि तुमच्या तापमानाला किती किलो ते सांगितलं असेल तरच, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर नाही.

जीआय टाकताना कॉम्प्रेसर आणि लाइनच्या मध्ये दोन फूट लवचीक होज ठेवा, नाहीतर कॉम्प्रेसरच्या थरथरीने पहिला सांधा ढिला होणार. टाकीला लागूनच बॉल व्हॉल्व. लाइनला कॉम्प्रेसरपासून लांब जाताना दर १० फुटांना इंच-दीड इंच उतार, शेवटी खाली ड्रेन कॉक, आणि प्रत्येक टी वरच्या बाजूने काढून मग वळवून खाली आणायचा म्हणजे पाणी गनमध्ये उतरत नाही. लाइन झाली की हवेने टेस्ट करू नका. प्लंबरकडे हाताने मारायचा टेस्टिंग पंप असतो, पाण्याने भरून १२ किलोला अर्धा तास ठेवायला सांगा, गळलं तर फक्त भिंत भिजेल. हे काम तुमचा तोच प्लंबर उत्तम करेल, त्याच्यावर राग धरू नका. नंतर पाणी काढून हवा सोडताना २ किलो, ४ किलो असं चढत जा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघा.

आणि मुलाला माझ्याकडून एक चहा पाजा.

प्रश्न : नमस्कार, मी नाशिकहून लिहितेय. आमच्या घराखाली मिस्टरांचं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. संध्याकाळी काम संपलं की ते एअर गन अंगावर मारून कपड्यावरचा भुसा उडवतात, आता आमचा दहा वर्षांचा मुलगाही हौसेने मारून घेतो, केसात, कानात. मला भीती वाटते, ते म्हणतात नुसती हवा तर आहे. नुसती हवाच असते ना?

उत्तर : ताई, तुमची भीती बरोबर आहे आणि हे आजच्या आज बंद व्हायला हवं, खास करून मुलाचं.

गनच्या तोंडाशी हवा एवढ्या जोरात येते की कातडीला साधी खरचट किंवा कापलेलं असलं तरी तिथून ती आत शिरू शकते, आणि रक्तात हवेचा बुडबुडा गेला तर ते जिवावर बेततं. डोळ्यात भुशाचा कण गोळीसारखा घुसतो. कानाच्या पडद्याला तर एक फटका पुरेसा. आणि दुसरं, जे लोक बोलायला लाजतात पण बोललं पाहिजे, मस्करीत पाठीमागून गन लावल्यामुळे आतडी फाटून माणसं मेल्याच्या बातम्या आपल्याच देशातल्या कारखान्यांतून येऊन गेल्यात, आणि मारणारा पण मित्रच असतो. तिथे कपडे मध्ये असले तरी हवा थांबत नाही. मुलाने बघितलंय की गन अंगावर मारायची वस्तू आहे, उद्या तो मित्रावर मारेल.

मशीन साफ करायला गन चालते, पण तिथेही ओशाचा नियम आहे की तोंडाशी प्रेशर ३० पीएसआयच्या खाली, म्हणजे साधारण २ किलो, समोर आडोसा आणि डोळ्यांना गॉगल. तोंड बंद झालं तर बाजूच्या भोकांतून हवा सुटेल अशी सेफ्टी गन मिळते, मिस्टरांना तीच घ्यायला लावा आणि गनच्या आधी प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर लावा. अंगावरच्या भुशासाठी ब्रश किंवा व्हॅक्यूम क्लीनर. गनने भुसा जात नाही हो, नुसता हवेत उडतो आणि मग तुम्ही सगळे तो श्वासातून घेता. आणि काम संपलं की गन काढून कपाटात, किल्ली मोठ्यांकडे.

प्रश्न : काका, आमचा पेणला गणपतीचा घरगुती कारखाना आहे. जून ते ऑगस्ट दोन गन सतत चालू. दरवर्षी ऐन सीझनला गनमधून पाणी थुंकलं जातं आणि अंगाच्या रंगावर डाग पडतात, परत घासून परत मारा. कॉम्प्रेसरजवळ फिल्टर लावलाय तरी पाणी येतंच. आणि परवा एक नळी कपलरपाशी, म्हणजे झटकन जोडायच्या सांध्यापाशी, निसटली, सापासारखी फिरली आणि दोन मूर्तींचे हात गेले. तिथे माणूस असता तर?

उत्तर : माणूस असता तर दात किंवा डोळा गेला असता. पण पाण्यापासून सुरू करू कारण तुमचे दोन्ही प्रश्न एकाच लाइनचे आहेत.

पेणच्या जुलैमधली हवा घ्या, ३० अंश आणि ८० टक्के दमटपणा. अशा एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ८ किलोला (अधिक बाहेरच्या हवेचा स्वतःचा १ किलो) असे नऊ घनमीटर दाबून एका घनमीटरमध्ये बसवतो, म्हणजे २१६ ग्रॅम वाफ एका जागी आली, पण ३० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅमच धरू शकते मग प्रेशर कितीही असो. बाकीचे १८६ ग्रॅम पाणी होऊन पडणार. २ एचपीचा कॉम्प्रेसर पाऊण तास सलग चालला की एवढं पाणी तयार, दोन गन दिवसभर चालल्या तर बादलीचा हिशोब आहे.

मग फिल्टर असून पाणी का येतं? कारण तुम्ही तो कॉम्प्रेसरपाशी लावलाय. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेतच असतं, फिल्टर थेंब पकडतो, वाफ नाही. हवा पुढे नळीत थंड होते आणि तिथे थेंब होतात, म्हणजे फिल्टरच्या पुढे. म्हणून मध्ये २५-३० फूट जीआयची उताराची लाइन टाका, तिच्यात हवा थंड होऊ द्या, खाली ड्रेन कॉकने पाणी काढा आणि फिल्टर गनच्या जवळ आणा. सीझनला टाकीखालचा ड्रेन दिवसातून तीन-चार वेळा उघडा. हे रंगासाठी तर आहेच पण टाकीसाठी जास्त आहे, टाकी बाहेरून नाही गंजत, आतून तळाला गंजते आणि तिथे कोणी बघत नाही.

नळीचं आता. निसटली तिथे स्क्रूची साधी क्लिप असणार, बरोबर ना, गॅसच्या नळीला असते तशी. रोज ओढाताण होणाऱ्या हवेच्या नळीला ती पुरत नाही, होजवाल्याकडे जाऊन मशीनवर क्रिंप करून, म्हणजे धातूची टोपी दाबून पक्की करून घ्या, एका टोकाला दहा मिनिटं लागतात. कपलर झिजला असेल तर बदला, आतली बॉल आणि रिंग झिजली की तो क्लिक होतो पण धरत नाही. बागेच्या पारदर्शक नळीने जर कोणी हवा नेत असेल तर ती आजच कापून फेका, म्हणजे परत कोणी वापरणार नाही. आणि मोठ्या नळीच्या सांध्यांना दोन्ही बाजूंना अडकवायची स्टीलची दोरी मिळते, नळी सुटली तरी ती तिला फिरू देत नाही. पोरांना सवय लावा, कपलर काढायच्या आधी कॉक बंद, गनचा ट्रिगर दाबून नळी रिकामी, मगच हात. सीझनच्या घाईत हे होत नाही हे मला माहितीये तरी सांगतोय.

प्रश्न : काका मी सांगलीत डिप्लोमाला आहे. जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि रिकामा गॅस सिलेंडर यापासून एअरब्रशसाठी, म्हणजे बारीक रंगकामाच्या छोट्या स्प्रेसाठी, सेटअप बनवतोय. सिलेंडरला दोन भोकं पाडून सॉकेट वेल्ड करायचेत. शिवाय भंगारातून एक जुनी टाकी पण मिळालीये, खाली थोडी घाम आल्यासारखी ओली राहते, तिथे वेल्डिंग मारलं तर चालेल ना?

उत्तर : अरे बाबा, दोन्हीला नाही.

रिकामा सिलेंडर रिकामा नसतो, आत गॅस राहतोच आणि ड्रिलची एक ठिणगी पुरे. घरगुती सिलेंडर तुझा पण नसतो, कंपनीचा असतो, तो असा कापणं बेकायदेशीर आहे. आणि टाकीला जो घाम आलाय तो घाम नाही, पत्रा आरपार खाल्लाय तिथून आतलं पाणी येतंय, म्हणजे आजूबाजूचा हातभर भाग कागदासारखा झालाय. वेल्डर एक भोक बुजवेल, बाजूचा पातळ पत्रा तापून अजून कच्चा होईल. हिशोब करून बघ, डिप्लोमाला आहेस, ३५ सेंमी व्यासाच्या टाकीच्या एका झाकणावर ८ किलोला किती जोर येतो, साडेसात टनांच्या वर. ती टाकी कटरने उभी चिरून भंगारात परत दे म्हणजे दुसरा कोणी हवा भरणार नाही.

फ्रीजचा कॉम्प्रेसर मात्र ठेव, एअरब्रशला छान आहे, आवाज नाही. एअरब्रशला २ किलो पण पुरतं. त्याला नवीन छोटी टाकी घे, प्लेटवर प्रेशर कोरलेली, पाच-सहा लिटरची, सोबत ठरलेल्या प्रेशरला मोटर बंद करणारा प्रेशर स्विच आणि प्रेशर फार चढलं तर हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व. फ्रीजच्या कॉम्प्रेसरला स्वतःहून थांबायचं कळत नाही, तो चढवतच राहतो, म्हणून स्विचशिवाय एक मिनिट पण चालवू नकोस. फोटो पाठव झालं की.

प्रश्न : कोल्हापूरहून. टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व सारखा फुसफुसायचा, हवा वाया जात होती. मेकॅनिकने तो काढून तिथे प्लग मारून दिलाय, आता एकदम शांत आहे. ठीक आहे ना?

उत्तर : नाही, मेन स्विच बंद करा आणि नवा व्हॉल्व बसेपर्यंत चालू करू नका. मेकॅनिकने आजारी माणसाचा ताप उतरवायला थर्मामीटर फोडलाय.

व्हॉल्व फुसफुसत होता याची दोन कारणं असतात. एक, त्याच्या सीटवर गंज किंवा कचरा बसलाय, मग तो बदलायचा, महाग वस्तू नाही. दोन, प्रेशर स्विच वेळेवर कट होत नाहीये आणि व्हॉल्व बिचारा आपलं काम करतोय, अशा वेळी प्लग मारला तर टाकी चढतच जाणार. नवा व्हॉल्व घेताना टाकीच्या प्लेटवरचा आकडा बघा, समजा प्लेटवर १० आहे आणि स्विच ८ ला कट होतो, तर व्हॉल्व ९ चा घ्या. टाकी आणि व्हॉल्वच्या मध्ये कुठलाही कॉक नको. महिन्यातून एकदा त्याची रिंग ओढून बघायची, हवा सुटली आणि सोडल्यावर बंद झाली म्हणजे जिवंत आहे. बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना हात मेन स्विचवर ठेवा आणि गेजकडे बघत बसा. ८ ला मोटर थांबली आणि स्विचमधून एकदाच फुस्स झालं तर ते चांगलं, तो आवाज यायलाच पाहिजे. काटा साडेआठच्या पुढे गेला तर बंद करा आणि स्विच बदला, आणि शक्यतो दुसऱ्या मेकॅनिककडून.